पट्ट्या किती येणार हे आधी कुणाला ठाऊक? बेसिकमध्ये वाढता ॲरे कसा सांभाळावा

मे महिन्यातली गोष्ट. देवगडजवळच्या आमच्या वाडीत, शेजारच्या पडवीत बसून मी आणि तिथला बारावीतला मुलगा त्याच्या घरच्या आंब्याच्या पट्ट्या कॉम्प्युटरवर चढवत होतो. पट्टी म्हणजे माल विकला गेल्यावर दलाल पाठवतो तो हिशोबाचा कागद: पेट्या किती, भाव काय, त्यातून हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा किती आणि हातात उरलेली रक्कम किती. त्याच्या बाबांनी वाशी, पुणे, कोल्हापूर अशा सगळीकडच्या पट्ट्या एका तारेत ओवून ठेवल्या होत्या. मधोमध भोक पडलेले कागद, काहींवर चिकाचे काळे डाग. तो वाचायचा, मी टाइप करायचो. दोनशेवी पट्टी गेली आणि पुढच्या पट्टीला प्रोग्रॅम थांबला.

"काका, ह्यो पुढची पट्टी घेना नाय."

पडद्यावर 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज', म्हणजे घराचा क्रमांक मर्यादेबाहेर गेला, असं आलं होतं. प्रोग्रॅम मीच बेसिक या भाषेत लिहून दिला होता आणि त्यात 'डिम' करताना, म्हणजे ॲरेला (एकाच नावाखालच्या क्रमांक दिलेल्या घरांच्या रांगेला) जागा सांगताना, २०० हा आकडा घातला होता. आदल्या वर्षी तेवढ्यात भागलं होतं. यंदा शेवटच्या मोहोराचंही फळ हाती लागलं आणि अंदाज चुकला. मी २०० चे ५०० करून वेळ निभावू शकलो असतो. पण मग पुढच्या वर्षी, मी जवळ नसताना, प्रोग्रॅम ५०१ व्या पट्टीला अडला असता. म्हणून त्या दुपारी आम्ही तो मुळापासून बदलला. कसा बदलला ते इथे पायरी-पायरीने सांगतो.

आधी लिखाणाबद्दल. या लेखात आज्ञा आणि नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कॉम्प्युटरवर ती सगळी रोमन अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत (1, 2, 3) टाइप करायचे. उदाहरणं क्यूबी६४ हे बेसिक धरून आहेत. ते फुकट मिळतं, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं आणि मायक्रोसॉफ्टच्या जुन्या क्यूबेसिकचं वळण सांभाळतं. दुसरं बेसिक वापरणाऱ्यांसाठी फरक शेवटी दिले आहेत.

आधी अडचण नीट समजून घ्या

बेसिक १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी तयार केलं. विज्ञान शाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही कॉम्प्युटर वापरता यावा हा त्यामागचा हेतू होता. भाषा सोपी राहावी म्हणून ॲरेची जागा आधीच सांगून टाकायची अशी पद्धत होती. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बेसिकांत तर 'डिम' न लिहिताही ॲरे वापरता येतो आणि त्याला ० ते १० अशी ११ घरं आपोआप मिळतात. शिकताना हे सोयीचं वाटतं. पण दहा नोंदींपर्यंत बिनबोभाट चालणारा प्रोग्रॅम अकराव्या नोंदीला कोसळला की कारण चटकन सापडत नाही, कारण प्रोग्रॅममध्ये आकडा कुठेच लिहिलेला नसतो. तेव्हा पहिली सवय ही लावा: ॲरे कधीही न सांगता वापरायचा नाही आणि खालची मर्यादा '१ टू' अशी स्वतः लिहायची.

डिम रक्कम(१ टू २००) ॲज लाँग

'ॲज लाँग' म्हणजे घरात मोठा पूर्णांक राहील असा प्रकार. इथे २०० हा आकडा थेट लिहिला आहे, त्यामुळे क्यूबेसिकच्या हिशोबाने हा ॲरे पक्का झाला. प्रोग्रॅम चालू असताना त्याचा आकार बदलता येत नाही. बदलायला गेलात तर हा ॲरे आधीच ठरला आहे अशी तक्रार येते. आकार बदलायची शक्यता असेल तर पहिल्याच ओळीपासून 'रीडिम' वापरायचं:

रीडिम रक्कम(१ टू १६) ॲज लाँग

यात दिसायला एकच शब्द बदलला, पण ॲरे आता वाढू शकणारा झाला. कार्यक्रमाला किती माणसं येतील हे ठाऊक नसताना मंडप जसा खांब रोवून पक्का करत नाहीत, बाजूने वाढवता येईल असा घालतात, तसंच हे.

रीडिमने पुसलं जातं, प्रिझर्व्हने राखलं जातं

सगळ्यात जास्त नुकसान याच पायरीवर होतं, म्हणून इथे जरा थांबा. ॲरेत १६ पट्ट्या भरल्यात आणि तुम्ही लिहिलंत:

रीडिम रक्कम(१ टू ३२) ॲज लाँग

जागा ३२ झाली, पण आधीच्या सोळाही रकमा गेल्या. सगळीकडे शून्य. कुठलाही इशारा येत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, बेरीज फक्त कमी येते. थांबणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा असा प्रोग्रॅम मला जास्त धोक्याचा वाटतो. अडलेली पट्टी निदान दिसते, हरवलेली पट्टी कुणी शोधायलाच जात नाही. आधीचा माल ठेवून जागा वाढवायची असेल तर:

रीडिम _प्रिझर्व्ह रक्कम(१ टू ३२) ॲज लाँग

क्यूबी६४ मध्ये 'प्रिझर्व्ह'च्या आधी अंडरस्कोअर लागतो. शेवटचं 'ॲज लाँग' प्रत्येक वेळी लिहा. ते विसरलं तर त्याच नावाचा, पण सिंगल (अपूर्णांक ठेवणाऱ्या) प्रकारचा वेगळाच ॲरे तयार होऊ शकतो आणि मग भरतो एकात, वाचतो दुसऱ्यातून असा घोळ होतो.

जागा कमी करतानाही हीच आज्ञा चालते, फक्त नव्या मर्यादेपलीकडची घरं कापली जातात आणि ती परत मिळत नाहीत.

एका पट्टीची एक नोंद

तारखांचा एक ॲरे, दलालांचा दुसरा, पेट्यांचा तिसरा, रकमांचा चौथा असं केलंत तर वाढवताना चारही वाढवावे लागतात आणि एखादा हमखास राहतो. त्यापेक्षा पट्टीचा एकच प्रकार बनवा:

टाइप पट्टीप्रकार
&nbsp;&nbsp;तारीख ॲज स्ट्रिंग * १०
&nbsp;&nbsp;दलाल ॲज स्ट्रिंग * २०
&nbsp;&nbsp;पेट्या ॲज इंटिजर
&nbsp;&nbsp;रक्कम ॲज लाँग
एंड टाइप

रीडिम पट्टी(१ टू १६) ॲज पट्टीप्रकार
डिम संख्या ॲज लाँग
डिम एक ॲज पट्टीप्रकार
संख्या = ०

रक्कम पूर्ण रुपयांत धरली आहे. पैसे सोडायचे नसतील तर सगळी रक्कम पैशांत करून लाँगमध्येच ठेवा, अपूर्णांकाच्या भानगडीत पडू नका. एका नोंदीला १० + २० + २ + ४ म्हणजे ३६ बाइट लागतात. क्यूबेसिकच्या काळात एका ॲरेला साधारणपणे ६४ किलोबाइटची मर्यादा असायची, म्हणजे अशा १,८२० पट्ट्या. आजच्या मशीनला हे काहीच नाही, पण आपली नोंद किती जागा खाते हे एकदा मांडून पाहावं.

जागा वेगळी, मोजणी वेगळी

वरच्या ओळींत 'संख्या' नावाचा एक साधा आकडा आहे. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर तो ठेवा. ॲरेत जागा किती आहे हे 'यूबाउंड(पट्टी)' सांगतं. त्यात खऱ्या पट्ट्या किती आहेत हे 'संख्या' सांगते. हे दोन आकडे वेगळे आहेत आणि वेगळेच राहिले पाहिजेत. खळ्यात वीस रिकाम्या पेट्या रचून ठेवल्या म्हणजे वीस पेट्या आंबा झाला असं कुणी म्हणत नाही. भरलेल्या वेगळ्या मोजतो, रिकाम्या वेगळ्या.

ही गल्लत झाली की काय होतं ते पाहा. २०१ पट्ट्या आहेत आणि जागा २५६ ची आहे. बेरीज यूबाउंडपर्यंत केली तरी बरोबर येते, कारण उरलेल्या ५५ घरांत शून्य आहे. त्यामुळे प्रोग्रॅम बरोबर चाललाय असं वाटतं. मग सरासरी काढायला २५६ ने भागलं की ती कमी येते. सगळ्यात कमी पट्टी शोधली की उत्तर शून्य येतं. तारखेप्रमाणे लावलं की रिकाम्या तारखा वर येऊन बसतात. म्हणून हिशोबाचा प्रत्येक फेरा 'संख्या'पर्यंतच:

बेरीज = ०
फॉर आय = १ टू संख्या
&nbsp;&nbsp;बेरीज = बेरीज + पट्टी(आय).रक्कम
नेक्स्ट आय

'बेरीज' हीदेखील आधी 'ॲज लाँग' सांगून ठेवा. न सांगितलेला आकडा सिंगल धरला जातो आणि त्याला साधारण सातच अंक नीट सांभाळता येतात. हंगामाची बेरीज कोटीच्या घरात गेली की शेवटचे रुपये इकडेतिकडे होऊ लागतात.

किती वाढवायचं?

प्रत्येक पट्टीला एक घर वाढवावं, असं पहिल्यांदा सगळ्यांनाच सुचतं. लिहायला सोपं आहे, पण वाढवताना आत काय घडतं ते बघा. शेजारची जागा मोकळी असेल तर काम तिथल्या तिथे होतं. नसेल तर कॉम्प्युटर दुसरीकडे मोठी सलग जागा शोधतो, जुना सगळा माल एकेक करून तिकडे नेतो आणि जुनी जागा सोडून देतो. प्रत्येक वेळी हलवावं लागलं असं धरलं, तर १,००० नोंदी भरेपर्यंत ० + १ + २ + … + ९९९, म्हणजे ४,९९,५०० वेळा नोंदी इकडून तिकडे जातात.

याउलट जागा संपली की दुप्पट करा. १६ वरून ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४. हजार नोंदींसाठी सहा वेळा वाढवणं आणि जास्तीत जास्त १६ + ३२ + ६४ + १२८ + २५६ + ५१२, म्हणजे १,००८ वेळा हलवणं. पावणेपाच लाखांहून जास्त हेलपाटे वाचले. बदल्यात काही घरं रिकामी पडून राहतात, पण ३६ बाइटच्या नोंदीला १,०२४ घरं म्हणजे ३६,८६४ बाइट. एवढी जागा पडून राहिली म्हणून काही बिघडत नाही.

मुलाला हे आकडे तोंडी पटेनात. मग त्याने वहीच्या मागच्या पानावर स्वतः बेरीज मांडली, १६ पासून ५१२ पर्यंत, आणि १,००८ आल्यावर परत एकदा तपासली.

आता हे एका 'सब'मध्ये, म्हणजे नावाने बोलावता येणाऱ्या प्रोग्रॅमच्या तुकड्यात, घालू. प्रोग्रॅमभर जिथे-तिथे रीडिम लिहू नका. वाढवायचं काम एकाच ठिकाणी असलं की चूकही एकाच ठिकाणी शोधावी लागते.

सब पट्टीजोड (प() ॲज पट्टीप्रकार, सं ॲज लाँग, नवी ॲज पट्टीप्रकार)
&nbsp;&nbsp;डिम नवीजागा ॲज लाँग
&nbsp;&nbsp;इफ सं >= यूबाउंड(प) देन
&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;नवीजागा = यूबाउंड(प) * २
&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;इफ नवीजागा < १६ देन नवीजागा = १६
&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;रीडिम _प्रिझर्व्ह प(१ टू नवीजागा) ॲज पट्टीप्रकार
&nbsp;&nbsp;एंड इफ
&nbsp;&nbsp;सं = सं + १
&nbsp;&nbsp;प(सं) = नवी
एंड सब

यातल्या दोन ओळी उगाच नाहीत. 'नवीजागा < १६' ही तपासणी नसेल आणि ॲरेची वरची मर्यादा शून्य असेल, तर शून्याची दुप्पट शून्यच आणि ॲरे कधीच वाढणार नाही. आणि '>=' च्या जागी नुसतं '=' लिहिलं तर काही बेसिकांत रिकाम्या ॲरेचं यूबाउंड उणे एक येतं तिथे तुलना जुळत नाही आणि वाढवायची पायरीच चुकते.

बोलावताना ॲरेच्या नावापुढे रिकामे कंस द्या ('एक' ही जोडायची नवी नोंद):

पट्टीजोड पट्टी(), संख्या, एक

कंस म्हणजे अख्खा ॲरे दिला. सबच्या आत तो वाढला की बाहेरचाही वाढतो, कारण दोन्ही नावं एकाच मालाची आहेत. 'संख्या'चंही तसंच आहे, पण त्यासाठी ती बाहेरही लाँगच असायला हवी. आत लाँग आणि बाहेर न सांगितलेला प्रकार असं झालं तर मोजणी परत बाहेर पोचत नाही.

फाइलमधून भरणं

रोज पट्ट्या नव्याने टाइप करायच्या नसतात. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एका ओळीत एक पट्टी ठेवा, मध्ये स्वल्पविराम. मग:

ओपन "पट्टी.टीएक्सटी" फॉर इनपुट ॲज #१
डू अंटिल ईओएफ(१)
&nbsp;&nbsp;इनपुट #१, एक.तारीख, एक.दलाल, एक.पेट्या, एक.रक्कम
&nbsp;&nbsp;पट्टीजोड पट्टी(), संख्या, एक
लूप
क्लोज #१

फाइलमध्ये ओळी किती हे कुठेच विचारलेलं नाही. फाइल संपली की थांबायचं, बस्स. रकमेत मात्र हजाराचा स्वल्पविराम घालू नका. १२,४०० लिहिलं तर बेसिकला ते १२ आणि ४०० असे दोन आकडे दिसतात आणि तिथून पुढच्या सगळ्या नोंदी एकेक घर सरकतात.

चुकून चढलेली पट्टी काढणं

एकच पट्टी दोनदा चढणं हे नेहमीचं. बेसिकमध्ये ॲरेच्या मधलं घर काढून टाकायची आज्ञा नाही, ते आपणच भरून काढायचं. क्रम टिकवायचा असेल तर मागची सगळी घरं एकेक पुढे सरकवा ('के' ही काढायची जागा):

फॉर जे = के टू संख्या - १
&nbsp;&nbsp;पट्टी(जे) = पट्टी(जे + १)
नेक्स्ट जे
संख्या = संख्या - १

क्रमाशी देणंघेणं नसेल तर शेवटची नोंद उचलून मोकळ्या घरात ठेवा आणि संख्या एकने कमी करा. बऱ्याच नोंदी काढायच्या असतील तर फेरा उलटा चालवा:

फॉर आय = संख्या टू १ स्टेप -१
&nbsp;&nbsp;इफ पट्टी(आय).पेट्या = ० देन
&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;पट्टी(आय) = पट्टी(संख्या)
&nbsp;&nbsp;&nbsp;&nbsp;संख्या = संख्या - १
&nbsp;&nbsp;एंड इफ
नेक्स्ट आय

उलटा का? 'फॉर'ची शेवटची मर्यादा सुरुवातीला एकदाच वाचली जाते. फेरा चालू असताना संख्या कमी झाली तरी त्याला पत्ता नसतो, म्हणून सुलटा फेरा काढून टाकलेल्या घरांपर्यंत जातो. शिवाय मोकळ्या घरात आलेली नोंद न तपासता पुढे निघून जातो. उलट्या फेऱ्यात शेवटून आलेली नोंद आधीच तपासलेली असते.

नोंदी कमी झाल्या म्हणून लगेच जागाही कमी करू नका. हंगाम संपल्यावर एकदा 'संख्या'एवढी केली तर ठीक, पण संख्या शून्य असताना '१ टू ०' असा ॲरे मागायचा नाही. खालची मर्यादा वरच्याहून मोठी झाली की प्रोग्रॅम अडतो. निदान १६ घरं राहू द्यावीत.

दुसरं बेसिक वापरत असाल तर

जीडब्ल्यू-बेसिकमध्ये रीडिम नाही. पण तिथे 'डिम आर#(एन)' असं चल देऊन ॲरे बनवता येतो, म्हणून जुन्या लोकांची युक्ती अशी की फाइल दोनदा वाचायची. पहिल्यांदा नुसत्या ओळी मोजायच्या:

१० एन = ०
२० ओपन "पट्टी.टीएक्सटी" फॉर इनपुट ॲज #१
३० इफ ईओएफ(१) देन ६०
४० लाइन इनपुट #१, ए$ : एन = एन + १
५० गोटू ३०
६० क्लोज #१
७० डिम आर#(एन)

आणि मग फाइल पुन्हा उघडून माल भरायचा. नावापुढचं # हे चिन्ह डबलसाठी, म्हणजे जास्त अंक सांभाळणाऱ्या प्रकारासाठी, आहे. तोच ॲरे पुन्हा 'डिम' करायचा तर आधी 'इरेज' करा, नाहीतर 'डुप्लिकेट डेफिनिशन' येतं. इरेजने माल जातो, तेव्हा तो आधी दुसऱ्या ॲरेत उतरवून घ्या. १९९१ मध्ये एमएस-डॉस ५ बरोबर आलेल्या क्यूबेसिकमध्ये रीडिम आहे पण प्रिझर्व्ह नाही. तिथेही हीच उतरवाउतरव करावी लागते.

फ्रीबेसिकमध्ये 'रीडिम प्रिझर्व्ह' अंडरस्कोअरशिवाय लिहितात. रिकाम्या ॲरेचं यूबाउंड उणे एक येतं ते इथे. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये रिकाम्या ॲरेला यूबाउंड विचारलं तर तीच 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज'ची चूक येते, म्हणून तिथे सुरुवातीलाच १६ घरं देऊन टाका.

दोन बाजूंचा ॲरे, म्हणजे बाग आडवी आणि आठवडा उभा असा तक्ता, वाढवायचा असेल तर सावध राहा. व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये प्रिझर्व्हसह फक्त शेवटच्या बाजूची वरची मर्यादा बदलता येते. फ्रीबेसिकमध्ये उलट, पहिल्या बाजूची वाढ तेवढी भरवशाची. माझं मत विचाराल तर वाढणाऱ्या मालासाठी तक्ता टाळा. नोंदीत बाग आणि आठवडा लिहा, ॲरे एकाच बाजूचा ठेवा.

तपासणी

नवा प्रोग्रॅम दोनशे पट्ट्या भरून तपासायची गरज नाही. सुरुवातीची जागा १६ ऐवजी २ करा, सबमधल्या त्या ओळीतही १६ च्या जागी २ लिहा आणि पाच खोट्या पट्ट्या भरा. तिसऱ्या पट्टीला जागा ४ होईल, पाचव्याला ८. प्रत्येक पट्टीनंतर संख्या, यूबाउंड आणि पहिल्या पट्टीची रक्कम छापा. पहिली रक्कम शेवटपर्यंत तीच राहिली तर प्रिझर्व्ह नीट बसलं आहे. शून्य झाली तर कुठे तरी नुसतं रीडिम राहिलं आहे. मग एकही ओळ नसलेली फाइल देऊन पाहा. सरासरी काढताना शून्याने भागलं जातं ते इथेच सापडतं.

आम्ही पडवीत हे सगळं करून दोन परत १६ केले तेव्हा दिवेलागण झाली होती. मुलाने फाइल वाचायला लावली, तारेतून अडलेली पट्टी सोडवली, तिच्यातल्या पेट्या मोठ्याने वाचल्या आणि पडद्यावर संख्या २०१, जागा २५६ असं आलं. तारेत अजून चौदा पट्ट्या होत्या.